तोच प्रसंग, दाराच्या पलीकडून

कोरियन मालिका मराठीत आणण्याचं काम मी बावीस वर्षं करते आहे, तेव्हा त्यांचं कौतुक मला नव्याने कोणी सांगू नये. पाऊस आला की छत्री एकच असणार. मुलगा गडगंज घरातला असला तर त्याची आई मुलीला हॉटेलात बोलावून तिच्या तोंडावर पाण्याचा पेला रिकामा करणार. रस्ता ओलांडताना कोणी मध्येच थांबून हसलं, की ट्रक आलाच समजा. आणि आज पहिल्यांदा भेटलेले दोघे लहानपणी एकदा भेटलेलेच असतात, फक्त नवव्या भागापर्यंत ते त्यांना आठवत नाही. हल्ली आवाज यंत्रं देतात, पण ओठांच्या हालचालीत नेमकं बसेल असं मराठी वाक्य लिहायला अजून माणूस लागतो. कऱ्हाडात तो माणूस मी आहे, केतकी शिराळकर.

दोन गोष्टींवर मात्र माझा कायमचा राग होता. एक म्हणजे मुकाट त्याग. चौदाव्या भागात कोणीतरी दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसतं, सगळा दोष अंगावर घेतं आणि निघून जातं. मी लिहिता लिहिता पडद्याशी भांडायची, की बाई, एक वाक्य बोल, दोन भाग वाचतील. दुसरी गोष्ट म्हणजे ज्याला आम्ही कामात शेपूट म्हणतो ती. भाग संपतो, नावं सरकायला लागतात, आणि मग दोन मिनिटांचा एक प्रसंग येतो. मघाशी पाहिलेलीच घटना, पण दुसऱ्या माणसाच्या बाजूने. आपल्याला वाटलेलं असतं की तो तिला स्टेशनवर एकटी टाकून गेला; शेपटात दिसतं की तो खांबाआड उभा होता आणि तिची गाडी सुटेपर्यंत हलला नव्हता. प्रेक्षक ढसाढसा रडतात. मला ती शुद्ध लबाडी वाटायची. खऱ्या आयुष्यात दुसऱ्या बाजूला कोणी कॅमेरा लावून ठेवत नाही, आणि ठेवला असता तरी तिथे बहुतेक वेळा काहीच दिसलं नसतं, असं माझं ठाम मत होतं.

ते मत कऱ्हाडच्या रस्त्याखालच्या एका तारेने मोडीत काढलं.

कोयनेच्या पट्ट्यात जमीन अधूनमधून हलते हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. गावाबाहेरच्या भूकंप केंद्राने बारा वर्षांपूर्वी शहरभर पुरलेल्या इंटरनेटच्या काचतारा ऐकायच्या कामाला लावल्या. तार तीच, केसाएवढ्या बारीक काचेची. तिच्या एका टोकाला एक यंत्र बसवलं, की ते सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका आत सोडतं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी सूक्ष्म दोष असतात, आणि त्यांच्यावरून त्या प्रकाशाचा कणभर भाग मागे परततो. जमीन जराशी हलली की तार कळत नकळत ताणली जाते, परतणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि कितव्या मीटरला काय हललं ते कळतं. भूकंप शोधायचे म्हणून केंद्राने बाकीचा गोंगाट गाळला. ट्रक, गिरण्या, वराती आणि माणसांची पावलं. पण शास्त्रज्ञ मंडळी काही फेकत नाहीत. त्यांनी तो गोंगाट वेगळा साठवून ठेवला.

दोन वर्षांपूर्वी डॉ. इर्शाद मुजावर यांनी तो साठा उघडला. प्रत्येकाची चाल वेगळी असते. टाच किती जोराने टेकते, दोन पावलांत किती वेळ जातो, कुठला पाय मागे रेंगाळतो, यावरून माणूस ओळखता येतो, सहीवरून ओळखावा तसा. आज तुम्ही केंद्रातल्या पट्टीवर वीस पावलं चाललात की यंत्र तीच चाल बारा वर्षांच्या गोंगाटातून वेचून काढतं. कायदाही झाला. स्वतःची पावलं कोणीही पाहावीत, मेलेल्या आईवडिलांची त्यांच्या मुलांनी पाहावीत. जिवंत माणसाची पाहायची तर त्याची लेखी संमती हवी. नाहीतर ते माणूस पडद्यावर बिननावाची राखाडी रेघ होऊन फिरतं. लोक या सगळ्याला पाऊलनोंद म्हणायला लागले.

येणाऱ्या लोकांना हे सोप्या मराठीत समजावणारा मजकूर लिहायला मुजावरांनी मला बोलावलं. ते आणि त्यांच्या बेगम माझ्या मालिका बघतात, हे त्यांनी जरा लाजतच सांगितलं. मग त्यांनी नकाशा उघडला आणि अकरा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार लावला, सकाळी दहाची वेळ.

काळ्या पडद्यावर कऱ्हाड चालायला लागलं. दत्त चौकातून हजारो ठिपके वाहत होते. शाळेला उशीर झालेली पोरं शनिवार पेठेतून धावत होती. कोणीतरी काठी टेकत संगमाकडे निघालं होतं, दर चौथ्या पावलाला थांबत. एक जण एका दुकानासमोर बराच वेळ उभा राहिला आणि आत न जाताच परत फिरला. त्यातले कितीतरी लोक आता या जगात नव्हते. मुजावरांनी एका रेघेवर बोट ठेवलं. हे त्यांचे अब्बा, पानपट्टीपर्यंत जाऊन परत येताना. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती, आणि घरात सगळ्यांना ते मंडईत गेलेत असं वाटत होतं. सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते. माणूस गेलं की त्याचं चालणं-फिरणंही गेलं असं आपण धरून चालतो. इथे जमिनीने कोणाचं एक पाऊलही गाळलं नव्हतं, राजाचं नाही आणि पानपट्टीला गुपचूप जाणाऱ्या म्हाताऱ्याचंही नाही.

घरी येताना मात्र डोक्यात एकच गोष्ट होती. शलाकाचे दोन तास.

शलाका माझी धाकटी बहीण, चिपळूणला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी आमची आई गेली. तिचं हृदय थकलं होतं, पाच आठवडे ती अंथरुणातून उठली नव्हती, आणि आता काही दिवसांचाच प्रश्न आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी शलाका संध्याकाळी सहाला कऱ्हाडच्या स्टँडवर उतरली. शेजारच्या काकूंनी तिला डोळ्यांनी पाहिलं. स्टँडपासून आमचं घर पायी पंचवीस मिनिटांवर. साडेसातला आई गेली. शलाका दारात आली आठला. दोन तास कुठे होतीस, असं मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, उशीर झाला ताई. बस, एवढंच.

दहा दिवस लोक भेटायला येत होते. आमच्याकडे रीतच आहे, आलेला माणूस सतरंजीवर टेकला की हलक्या आवाजात विचारतो, शेवटी जवळ कोण होतं. मी प्रत्येकाला सांगितलं, की दुपारपासून मी आईच्या उशाशी बसून होते, क्षणभर हलले नाही, आणि धाकटी गावात असून आली नाही. शंभर वेळा तरी सांगितलं असेल. शलाका आत स्वयंपाकघरात असायची, तिला सगळं ऐकू जायचं. नंदूमामांनी, म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने, तिच्याशी बोलणं टाकलं. मग बाकीच्यांनीही टाकलं. दहावा झाल्यावर ती पिशवी घेऊन निघून गेली आणि पुढची नऊ वर्षं कोणाच्या लग्नाला, बारशाला तिला कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

तिच्या संमतीसाठी मी तिला फोन केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पाऊलनोंदीचं तिने पेपरात वाचलं होतं. मी म्हटलं, तू तेव्हा कुठे होतीस ते आता तुझ्या तोंडून नको, जमिनीकडूनच कळू दे.

"नको ताई," ती म्हणाली. "आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही. ते बघू नकोस."

मी फोन ठेवला तेव्हा, खरं सांगते, मला आनंदच झाला. चोर सापडला असं वाटलं. तिची रेघ नाही दिसली तर नाही दिसली, माझी आणि आईची तर मला बघता येत होती. मी घरात होते आणि दारात कोणी आलं नाही, एवढं सिद्ध झालं तरी मला पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टीवर वीस पावलं चालले. आईसाठी तिच्या जुन्या चालीचा नमुना मुजावरांना आमच्या गल्लीतच सापडला, ती रोज देवळात जायची त्या वेळचा. मी केशरी, आई पांढरी, बाकी सगळे राखाडी. आमच्या घरात इंटरनेटची तार भिंतीपर्यंत आलेली होती, त्यामुळे आतल्या खोल्याही दिसत होत्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी केशरी रेघ घराबाहेर पडली.

मी मुजावरांना म्हटलं, तुमच्या यंत्राने दिवस चुकवला. त्यांनी वाद घातला नाही. त्या दिवशी दुपारी कोयनेला बारीकसा धक्का बसला होता. त्याची वेळ देशभरातल्या केंद्रांत नोंदलेली आहे, आणि आमच्या तारेवर तो त्याच क्षणी उमटला होता. दिवस हलवायला जागा नव्हती. केशरी रेघ दोन गल्ल्या ओलांडून तेव्हाच्या स्टुडिओत गेली आणि तिथे बसली.

आणि मला आठवलं. त्या काळी नायिकेला आवाज मीच द्यायचे. एका मालिकेच्या शेवटच्या भागातली तीन वाक्यं राहिली होती, वाहिनीला सातच्या आत हवी होती. आई गाढ झोपली होती. फोन बंद केला, दाराला बाहेरून कुलूप लावलं, पाऊण तासात परत आले. ते आदल्या दिवशी घडलं असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. मी खोटं बोलत नव्हते, एवढीच माझी बाजू. शंभर माणसांना एकच गोष्ट सांगितली की ती पक्की होते, खऱ्याहून पक्की. मूळ आवाज पुसून त्यावर दुसरा चढवणं हा माझा धंदाच आहे, तो मी स्वतःवर कधी केला ते मला कळलंही नाही.

सहा एकतीसला एक राखाडी रेघ गल्लीत शिरली आणि आमच्या दाराशी थांबली. तारेवर तीन ठोके उमटले, लाकडावर हाताने मारल्यासारखे. मग काही वेळ काहीच नाही.

मग पांढरा ठिपका हलला.

मुजावरांनी चष्मा काढला. आजारी होत्या ना, त्यांनी विचारलं. पाच आठवडे कूससुद्धा तिला मीच बदलून देत होते, मी म्हटलं. पांढरी रेघ पलंगापासून निघाली. एक पाऊल, मोठी विश्रांती, दुसरं पाऊल. मी मोजत होते. माझे हात जोडले गेले होते आणि ते कधी जोडले गेले ते मला माहीत नाही. अकरा पावलांत माझी आई दारापर्यंत पोहोचली. मग दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक जड ठोका उमटला. दोघी खाली बसल्या होत्या, एक आत, एक पायरीवर, मध्ये माझं कुलूप. तशा त्या चोवीस मिनिटं बसल्या.

त्या काय बोलल्या, असं मी विचारलं. "ते नाही कळायचं, ताई," मुजावर म्हणाले. "ही तार वजन ओळखते, शब्द नाही. बोलणं त्यांचं त्यांच्याजवळ राहिलं."

सहा अठ्ठावन्नला आई उठली. परत जायला तिला चौदा पावलं लागली. राखाडी रेघ गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सात वाजून सहा मिनिटांनी मी तिच्यापासून चार मीटरवरून घाईघाईने गेले आणि मला ती दिसली नाही. मी घरात जाऊन आईच्या पलंगाशी बसेपर्यंत ती रेघ तिथे खिळून होती. आई एकटी राहू नये म्हणून. मग ती सावकाश नदीच्या घाटाकडे गेली, आणि आठला आमच्या दारात परत आली. त्या रेघेला नाव नव्हतं, पण माझ्या सख्ख्या बहिणीला ओळखायला मला नाव लागत नाही. मी मुजावरांसमोर, त्यांच्या दोन सहकाऱ्यांसमोर, मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. इतकं मोठं काही मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच घराच्या उंबऱ्यावर घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कुंभार्ली घाट उतरून मी चिपळूणला गेले. शलाकाने दार उघडलं. तिचे केस बरेच पिकले होते. माझ्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, बघितलंस ना. मग आत जाऊन तिने चहा टाकला, मी बसायच्याही आधी.

चहा तसाच राहिला. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. कुलूप बघून ती घाबरली होती, शेजाऱ्यांना बोलावून तोडणार होती, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. आईने तिला आरडाओरडा करू दिला नाही. म्हणाली, बस तिथेच, मीही बसते. मग विचारलं काय, तर मी आवाज देत होते त्या मालिकेचा शेवट काय होतो ते. ताई काही केल्या सांगत नाही, म्हणाली, तू तर कोरियनमध्ये सगळी बघितलीयस. आता त्या मालिकेत नायिका शेवटी मरते. शलाकाने पायरीवर बसून तिथल्या तिथे दुसरा शेवट रचला. सगळी माणसं जगली, रुसलेली सासू परत आली, लहानपणी हरवलेला भाऊ शेजारच्याच बेकरीत सापडला. एकेका पात्राचं काय झालं ते आई विचारत गेली, आणि ही सांगत गेली.

मग आई म्हणाली, आता जा. आठला ये, आत्ताच उतरले म्हण. आजारी आईला कुलपात ठेवून गेले आणि तेवढ्यात ती जागी झाली, हे केतकीला कधी कळू देऊ नकोस, ती जन्मभर मनाला लावून घेईल.

"मी तुला सगळ्यांसमोर काय काय बोलले," मी म्हटलं. "एक शब्द बोलली असतीस."

"आईने माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं गं," शलाका म्हणाली.

मी पर्समधून फोन काढला आणि नंदूमामांना लावला. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. शलाकाला कळलं मी काय करणार आहे ते. फोन बंद करायला तिचा हात पुढे आला. मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलं नाही.

"मामा, केतकी बोलतेय. आई गेली त्या संध्याकाळी पाऊण तास मी तिच्याजवळ नव्हते. बाहेरून कुलूप लावून कामाला गेले होते. शलाका दाराशी होती. आई उठून दारापर्यंत आली आणि दोघी बोलत बसल्या होत्या. मी तुम्हाला सगळ्यांना नऊ वर्षं चुकीचं सांगितलं."



"शलाका हाय का तिथं?" मामांनी विचारलं.

आहे, मी म्हटलं.

"दे तिला."

मी तिचं मनगट सोडलं. तिने फोन दोन्ही हातांनी उचलला. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता, आणि मी मध्ये काही बोलले नाही. तिकडून म्हातारा सारखा म्हणत होता, "बोल की पोरी. बोल, मी ऐकतोय."

"मामा," ती म्हणाली, "आई त्या दिवशी किती हसली म्हणून सांगू," आणि मग तिने पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.